गल्ल्याजवळचं टेबल

मुलचेऱ्यात कॉफी शॉप नाही. कॉफी मिळते, पाहुणा आला, साहेब आला की हॉटेलवाला दुधात पुडी सोडतो आणि फेस येईपर्यंत या पेल्यातून त्या पेल्यात ओतून देतो. बाकी सगळा कारभार चहावर. आमच्याकडे हॉटेल म्हणजे राहायची जागा नव्हे. टिनाचं छप्पर, दारात भट्टी आणि कढई, काचेच्या कपाटात मिठाई, चार-पाच टेबलं, बाहेर एक बाकडं, एवढं असलं की झालं हॉटेल. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे चार माणसांनी उघडपणे टेकावं, बोलावं, कुणाची वाट पाहावी अशी जागा हीच.

२०२०च्या ऑक्टोबरपासून पुढे बरेच महिने माझं ऑफिस अशाच एका हॉटेलात होतं. नोकरी गेलेली, पगार कापलेली माणसं कॅफेत लॅपटॉप उघडून बसतात, याबद्दल पुण्या-मुंबईकडून पुष्कळ लिहून आलं. त्यात कॉफीची किंमत असते, वायफायचा वेग असतो, एकटेपणा असतो. ज्याच्या खुर्चीवर आपण दिवसभर बसतो त्याला ती खुर्ची केवढ्याला पडते, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. माझं पोट हिशेबावर चालतं, म्हणून मला त्याबद्दलच सांगायचं आहे.

मी नागपूरला बी.कॉम. केलं आणि पुण्यात एका कंपनीत लागले. परदेशातल्या दुकानांना माल पुरवणाऱ्यांची बिलं आमच्याकडे स्कॅन होऊन येत. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, कर, पैसे कोणत्या खात्यावर घालायचे, हे सगळं त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरवर इथे बसून भरायचं. काम अवघड नाही, पण लाईन तुटली की अर्धवट भरलेलं बिल उडतं आणि पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं. मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद होणार असं दिसायला लागलं, तेव्हा जनता कर्फ्यूच्या आधीच मी गावाकडे निघाले. आमच्या जिल्ह्यात रेल्वे आहे ती फक्त देसाईगंजला, आणि ते आम्हाला दूर. आम्हाला बल्लारशा बरं पडतं. तिथून गोंडपिपरी, आष्टी करत घरी पोचले आणि दोनच दिवसांनी सगळं थांबलं.

आमचं गाव मुलचेऱ्यापासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर, जंगलाच्या कडेला. आमच्या भागातली पुष्कळ माणसं त्या दिवसांत तेलंगणात मिरची तोडायला गेलेली होती. गाड्या बंद झाल्यावर ती डोक्यावर गाठोडी घेऊन, लेकरं काखेत मारून पायी परतली. त्यांना गावाबाहेर शाळेत ठेवलं होतं. बाहेर आल्यावर जो तो मोह वेचायला लागला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला गेला. जंगलाने त्यांना लगेच कामाला लावलं. माझ्याकडे कामही होतं आणि लॅपटॉपही होता, फक्त लाईन नव्हती.

घरात कवेलूच्या छपराखाली मोबाईलला एकही काडी येत नाही. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली दोन काड्या येत. बाबांनी तिथे बाज टाकून दिली, आईने जुनं लुगडं बांधून आडोसा केला. सकाळी सातला बसायचं. दहाच्या सुमाराला ऊन पडद्यावर चढलं की आकडे दिसेनासे होत; मग बाज झाडाभोवती सावलीमागे सरकवत न्यायची. रोज लॅपटॉप चार्ज करायचा आणि दुपारपर्यंत पुरवायचा. जूनमध्ये पाऊस लागला. पऱ्हे टाकून झाले, रोवणी सुरू झाली, बाज पाळीच्या चिखलात रुतायला लागली आणि पाळीवरचं ऑफिस मोडलं. नंतरचे तीन महिने मी कधी ओळखीच्या शिक्षकांच्या घरी, कधी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर असे काढले.

तोवर कंपनीने पगाराचा चौथा हिस्सा कापला होता. सप्टेंबरात पुण्याची भाड्याची जागाच सोडून दिली. खुर्च्या कर्मचाऱ्यांनाच निम्म्या किमतीत विकायला काढल्या आणि सगळ्यांना मेल आला, की यापुढे कायमचं घरूनच काम. पाठोपाठ माझ्यासारख्यांचा पगार बंद होऊन बिलामागे पैसे सुरू झाले. जितकी बिलं भराल तितके. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सरकारने आकडा जाहीर केला होता, की एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटलं. ते वाचल्यावर बिलामागे का होईना, हातात काम आहे याचाच आधार वाटला. पण मेलमधली एक ओळ डोक्यातून जात नव्हती. जागेच्या भाड्यात, विजेत, देखभालीत कंपनीची किती मोठी बचत झाली, ते त्यात अभिमानाने लिहिलं होतं. आमच्या धंद्यात एका वहीतून उडालेली रक्कम दुसऱ्या कुठल्या तरी वहीत निघावीच लागते. खुर्ची मला लागतच होती. वीज लागत होती, लाईन लागत होती, डोक्यावर छप्पर लागत होतं. तो खर्च नाहीसा झालेला नव्हता. तो कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडणार होता.

५ ऑक्टोबर २०२० पासून राज्य सरकारने हॉटेलांना निम्म्या खुर्च्यांवर माणसं बसवायची परवानगी दिली. त्याच आठवड्यात मी मुलचेऱ्यात बसायला लागले.

हे हॉटेल तहसील कचेरीच्या वाटेवर आहे आणि टॉवर तिथून दिसतो. चालवणारे नवरा-बायको बंगाली. सगळं गाव त्यांना दादा आणि बौदी (म्हणजे वहिनी) म्हणतं, म्हणून मीही. दादांचे वडील पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आले आणि सरकारने त्यांच्यासारख्या पुष्कळ कुटुंबांना या जंगलपट्ट्यात जमीन देऊन वसवलं. तेव्हा हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. विवेकानंदपूर, सुंदरनगर ही आमच्या तालुक्यातली नावं वाचली तरी परक्या माणसाला कळतं, की इथे कोण येऊन राहिलं. धान ते पिकवतात, मासे ते पाळतात, आणि मुलचेऱ्याला रसगुल्ला आणि सिंगारा त्यांनीच दिला.

सिंगारा म्हणजे त्यांचा समोसा, पण त्याला समोसा म्हटलेलं दादांना चालत नाही. बटाटा उकडून कुस्करायचा नाही, सालासकट बारीक चिरायचा. त्यात फुलकोबी आणि शेंगदाणे. बौदी पिठाची लांबट पोळी लाटतात, मधून कापून दोन भाग करतात, एक भाग हातावर घेऊन त्याचा द्रोण वळतात, भाजी भरतात आणि कडेला पाण्याचं बोट फिरवून तोंड मिटवतात. हे सगळं बोलता बोलता, माझ्याकडे किंवा गल्ल्याकडे पाहत. दादा ते मंद आचेवर तळतात, इतक्या मंद की नवख्या गिऱ्हाईकाला वाटावं भट्टी विझली. दुपारी तिथेच छेना मळला जातो. फडक्यात टांगून पाणी काढलेला छेना परातीत घेऊन बौदी तळहाताच्या टाचेने रगडत राहतात, तळव्याला तूप सुटेपर्यंत. त्या वेळी हॉटेल रिकामं असतं आणि परातीचा तेवढा आवाज येत असतो. माझी बिलं सगळ्यात जास्त त्याच वेळेला भरून व्हायची.

पहिले काही दिवस मी भिंतीच्या कडेचं टेबल धरून बसले. हॉटेलात बाया येत नाहीत असं नाही. आठवडी बाजाराला आलेली बाई लेकराला मिठाई घेते, कचेरीतलं काम होईपर्यंत नवऱ्यासोबत चहा पिते. पण एकटी पोरगी रोज येते, कानात वायर घालून चार-चार तास बसते, कुणाशी इंग्रजीत बोलते, हे नवीन होतं. बाकड्यावरचे आत वाकून पाहायचे. कुणी खर्रा घोटता घोटता मोठ्याने विचारायचा, "काय करून राहिली गा ही दिवसभर?" बौदींनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला काही न विचारता माझी पिशवी उचलली आणि गल्ल्याजवळच्या लहान टेबलावर ठेवली. तिथे दोनच खुर्च्या मावतात. एका बाजूला गल्ला, मागे मिठाईचं कपाट, आणि चार्जिंगचा बोर्ड हाताशी. बाहेरून पाहणाऱ्याला आधी बौदी दिसायच्या, मग मी.

गावातून बाबांच्या कानावर गोष्ट गेलीच. बाबांनी मला विचारलं नाही. एका सकाळी धान पाहायला जातो म्हणाले आणि दुपारी हॉटेलात येऊन बसले. माझ्याशी बोलले नाहीत, मीही मीटिंगमध्ये होते. त्यांनी चहा घेतला, सिंगारा घेतला, दादांशी धानाच्या तुडतुड्यावर बोलले, पुन्हा चहा घेतला. बाजूच्या टेबलावर ओळखीचे दोघं होते, त्यांना म्हणाले, "आमची पोरगी आहे. कंपनीचं काम करून राहिली. घरी टॉवर नाही." सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. त्यानंतर बाकड्यावरून कुणी काही विचारलं नाही. बाबा फार बोलणारे नाहीत. ते वाक्य त्यांनी घरून ठरवून आणलं असणार, असं मला आजही वाटतं.

पण त्याहून अवघड गोष्ट वेगळीच होती, आणि ती पैशाची होती.

मी दिवसाला दोन चहा घ्यायची, वीस रुपये. त्यात मला खुर्ची, पंखा, चार्जिंग, प्यायचं पाणी आणि बौदींची राखण मिळत होती. सकाळी नऊ ते अकरा तहसीलची गर्दी असते. त्या वेळेला एका टेबलावर चार माणसं बसतात, पंधरा मिनिटांत उठतात, दुसरी चार येतात. माणशी चहा-सिंगाऱ्याचे तीस रुपये धरले तरी एक टेबल तासाला साडेचारशेच्या वर धंदा देतं. निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती तेव्हा तर एकेका खुर्चीची किंमत दुप्पट. दुपारी बारा ते चार मात्र तीच टेबलं मोकळी. तेव्हा मी बसल्याने कुणाचं काही जात नाही. विजेचं म्हटलं तर माझा लॅपटॉप दिवसाला अर्धा युनिटसुद्धा घेत नव्हता, पण मीटर दुकानाचं होतं आणि दुकानाचा दर घरापेक्षा चढा.

आणि त्या दोघांचे दिवस माझ्यापेक्षा वाईट होते. मार्च ते सप्टेंबर भट्टी थंड होती. लग्नाच्या हंगामातल्या मिठाईच्या ऑर्डरी गेल्या. दुर्गापूजा आमच्या तालुक्यातल्या बंगाली गावांचा सगळ्यात मोठा सण. एरवी त्या पाच दिवसांत बौदींचं वर्षाचं गणित जुळतं. त्या वर्षी सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आत ठेवायला सांगितली, गर्दीला बंदी होती, आणि पूजा आली तशी गेली. दूधवाल्याची उधारी चढलेली. उधारीची वही बौदी गल्ल्यात ठेवत आणि ती उघडताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, हे मला दोन हातांवरून दिसत होतं.

मी म्हटलं, "बौदी, मी रोज बसणार. महिन्याचे पैसे ठरवा."

"चहा पिते, पैसे देते. बसायचे कसले पैसे?"

"मग मी उद्यापासून येत नाही."

दादा कढईजवळून म्हणाले, "बस ना बेटी, कोण उठवते तुला?"

कुणी उठवणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ठरवून घ्यायला हवं होतं. माझ्या मते अडचणीच्या काळात फुकटची मदत फार टिकत नाही. देणाऱ्याच्याच घरात एक दिवस टंचाई येते, त्याला तोंडाने सांगता येत नाही, आणि घेणाऱ्याला ते ओळखू येत नाही. पैसे ठरलेले असले की दोघांनाही मान वर करून बोलता येतं. त्यांचा हिशेब लिहून दे, त्या बदल्यात बस, असंही मला कुणी सुचवलं होतं. तेही मला नको होतं. कामाच्या बदल्यात काम घेतलं की कुणाचं किती झालं हे कधी कळत नाही, आणि बाईच्या कामाची तर त्यात नेहमी कमीच किंमत लागते.

मी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर वरचा सगळा हिशेब मांडला आणि बौदींना दाखवला. मराठी वाचण्यापेक्षा आकडे त्यांना लवकर समजतात. त्यांनी तो दोनदा पाहिला. सकाळच्या गर्दीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "या वेळेला नको येऊ." असा आमचा करार झाला. अकराच्या आधी यायचं नाही. बाजाराच्या दिवशी बाहेर बसायचं नाही, मागच्या मिठाईच्या खोलीत बसायचं. दोन चहा धरून महिन्याचे हजार रुपये. मी बाराशे म्हणत होते, त्या हजारावर आल्या. उधारीच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी बंगालीत एक ओळ लिहिली आणि पुढे एक हजार मांडले. सगळी वही देणं दाखवत होती. जमेचं ते एकच पान होतं.

बसायच्या पैशांवरून आठवतं, नागपूरला शिकत असताना आम्ही मैत्रिणी कधी कधी सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये जायचो. तुरेवाला फेटा बांधलेले वेटर, जाड कपातली कॉफी, आणि एका कॉफीवर कितीही वेळ बसलं तरी कुणी डोळे वटारत नसे. त्या कॉफी हाऊसची मूळ गोष्ट मी मुलचेऱ्यात बसून पहिल्यांदा नीट वाचली, आणि तीही सगळी मंदीचीच निघाली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, परदेशी गिऱ्हाईक गेलं. मग देशातच कॉफी पिणारे वाढावेत म्हणून १९३५ मध्ये कॉफी उपकर समिती झाली आणि १९३६ मध्ये मुंबईला चर्चगेटजवळ पहिलं कॉफी हाऊस उघडलं. पुढे कॉफी बोर्डाने ती जागोजागी चालवली. पन्नासच्या दशकात बोर्डाने ती बंद करायचं ठरवलं, तेव्हा कामावरून निघालेल्या नोकरांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, आणि त्याच वर्षी दिल्लीतही वेटर-स्वयंपाकी मालक म्हणून उभे राहिले. आपण बसत होतो ती खुर्ची अशा माणसांची होती, हे कॉलेजात असताना मला कुणी सांगितलं नव्हतं. बसू देण्याची त्यांची रीत मला त्यानंतर जास्त समजली. एकदा कामावरून निघालेल्या माणसांनी ते दुकान उभं केलं होतं.

दादांच्या हॉटेलात काम करणारी मी पहिली नव्हतेच. फक्त लॅपटॉप पहिला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर अर्ज लिहून देणारे एक काका वर्षानुवर्षं बसतात: सातबाराची दुरुस्ती, वारसाची नोंद, जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र. विमा एजंट सोमवारी येतो. मासळीचा व्यापारी बर्फाची गाडी आली की इथूनच फोन लावतो. तेंदूच्या हंगामात पत्ता मोजून घेणारे फळीमुन्शी मजुरांच्या याद्या याच टेबलांवर जुळवतात. त्यांच्यातला कुणी कधी बसायचे पैसे देत नसे, कारण त्यांच्यामागे गिऱ्हाईक यायचं आणि चहा प्यायचं. ते हॉटेलला धंदा आणत होते. माझं गिऱ्हाईक सातासमुद्रापार होतं. त्याच्याकडून दादांचा एक कपही खपणार नव्हता. माझ्यात आणि अर्ज लिहिणाऱ्या काकांत हा फरक होता, आणि करार करताना मी तोच धरला होता.

हळूहळू मीही थोडा धंदा आणू लागले. पलीकडच्या गावच्या ग्रामसभेचा सचिव, माझ्याच वयाचा, तेंदूपत्त्याच्या लिलावाची जाहिरात हाताने लिहून आणायचा. पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायद्यामुळे आमच्याकडच्या ग्रामसभा आता आपला पत्ता आपणच विकतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवल्यापासून ही वाट रुळत गेली. पण विकायचं तर निविदा काढावी लागते, अटी नीट टाईप कराव्या लागतात, वर्तमानपत्राला मेल करावा लागतो. त्याच्यासाठी मी ते टाईप केलं. अनामत किती, पैसे किती हप्त्यांत, पत्ता फळीवर, म्हणजे गोळा करून वाळवायच्या जागेवर, भिजला तर नुकसान कुणाचं, यावर आम्ही दोघांनी तास घालवला. शेवटच्या अटीवर सबंध हॉटेल बोललं. भट्टीजवळचे दोन म्हातारे स्वतः पत्ता तोडलेले. एकदा अवकाळी पावसात फळी भिजली आणि ठेकेदाराने हात वर केले, ते त्यांनी सांगितलं. ती अट त्यांच्याच शब्दांत गेली. चहाचे पैसे ग्रामसभेने दिले.

शाळा तेव्हा बंद होत्या. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" असं सरकार म्हणत होतं, आणि शिक्षण मोबाईलवर होतं. दुपारी तीन भावंडं एक मोबाईल घेऊन बाहेरच्या बाकड्यावर यायची. मोठीचा तास असला की धाकटे दोघं तिच्या खांद्यावरून पाहत. बौदी त्यांना मुरमुरे द्यायच्या. पुढे पोलीस भरतीचे, नर्सिंगचे फॉर्म निघाले तेव्हा मुली एकट्या यायला लागल्या. माझ्या टेबलाची दुसरी खुर्ची त्यांची झाली. त्या बसायच्या, फोटो लहान करून घ्यायच्या, ओटीपीची वाट पाहायच्या. हॉटेलात पोरगी बसते याचं तोवर कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

अडचणी होत्याच. पाऊस आला की टिनावर इतका आवाज, की मीटिंगमध्ये मी फक्त लिहून उत्तर द्यायची. वीज गेली की टॉवरची बॅटरी तासाभरात बसायची. दिना नदी फुगली की मी दोन-दोन दिवस गावातच अडकायची आणि बिलामागे पैसे असल्याने तेवढी कमाई बुडायची. संध्याकाळी पाचच्या आत निघायचं, कारण वाटेत वाघ दिसल्याच्या गोष्टी वाढल्या होत्या आणि आई फाटकात उभी राहायची. परदेशातलं ऑफिस आमच्या संध्याकाळी उघडतं. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात लिहून कळवलं, की मला दुपारचंच काम द्या, संध्याकाळी आमच्या रस्त्यावर जंगली जनावर असतं. तिकडच्या बाईने एक शब्द न विचारता वेळ बदलून दिली.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सगळं बंद झालं. हॉटेलातून फक्त पार्सल. दुसऱ्या लाटेत ओळखीची माणसं गेली, एका मावशीला आम्ही नीट पाहूही शकलो नाही. त्यावर मला इथे जास्त लिहिता येणार नाही. त्या दिवसांत मी हॉटेलच्या मागच्या अंगणात निंबाच्या झाडाखाली एकटी बसायची, भिंतीवरून वायर घेऊन. महिना झाल्यावर हजार रुपये पुढे केले तर बौदींनी पाचशे परत केले. म्हणाल्या, "छप्पर नव्हतं, पंखा नव्हता. अर्धे." मी वाद घातला नाही. कराराचा हाच फायदा असतो. कमी कधी करायचं, हेही मोकळेपणाने बोलता येतं. जूनमध्ये हॉटेल उघडल्यावर पुन्हा हजार.

पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीने हेच महिने तिकडच्या कॅफेत काढले. तिची खोली लहान, घरमालकीण दिवसा वीज वापरू देत नसे. दोनशेची कॉफी घेऊन ती तीन तास बसायची, मग वेटर येऊन आणखी काही हवं का विचारायचा, की ती दुसरा कॅफे शोधायची. महिन्याचे सहा-सात हजार जायचे. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून प्रत्येक तासाचं भाडं कपात मिसळून घेतलं जात होतं. तिला मी माझा करार सांगितला तेव्हा ती म्हणाली, असं आमच्याकडे कुणाला विचारायचं तरी कसं. मला वाटतं, विचारून पाहायला हवं होतं. रिकाम्या दुपारी तिथेही असतात.

पुढे बिलं वाढली, कंपनीची गाडी रुळावर आली आणि आमच्यातल्या काहींना पुन्हा पगारावर घ्यायचं ठरलं. मला विचारलं तेव्हा मी पगाराआधी जागेचं बोलले. तुमच्या वहीतून गेलेलं भाडं माझ्या वहीत आलं आहे, असं लिहून सोबत माझ्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडला: टेबल, वीज, मोबाईलचा डेटा, पेट्रोल. मागचं काही मिळालं नाही. पुढच्यासाठी कामाच्या जागेचा भत्ता म्हणून दरमहा दीड हजार मान्य झाले, आणि माझ्यामुळे आणखी काही जणींना तेच लागू झाले.

बौदींना सांगितलं, की आता पैसे कंपनी देते आहे, तर दर वाढवा. त्यांनी विचार करायला एक दिवस घेतला. मग म्हणाल्या, बाराशे, पण दुसऱ्या खुर्चीसकट. तिथे बसणाऱ्या पोरींकडून काही घ्यायचं नाही. त्याच आठवड्यात दादांनी वायरमन बोलावून बाहेरच्या बाकड्यावर दुसरा बोर्ड बसवून घेतला. सध्या त्यावर सगळ्यात जास्त मोबाईल अर्ज लिहिणाऱ्या काकांच्या गिऱ्हाईकांचे असतात, आणि काकांनीही महिन्याला शंभर रुपये द्यायला सुरुवात केली आहे.